दुसऱ्या जहाजाचा सारंग

तालकावानोच्या नौदल गोदीत त्या काळी तीन फ्रिगेटींची, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ जहाजांची, एक तुकडी होती. कारेल्मापू, ग्वाफो आणि तेंग्लो. दुसरं महायुद्ध संपल्यावर परदेशातून जुन्याच घेतलेल्या, रंगाचे थर चढवून नव्या केलेल्या. तुकडीचा कमांडर यातल्या ज्या जहाजावर मुक्काम करायचा, त्याच्या डोलकाठीवर त्याचं निशाण चढायचं आणि ते जहाज मुख्य ठरायचं. मुख्य जहाजाला धक्क्यावरची पहिली जागा, पहिलं गोडं पाणी, पहिलं ताजं मांस. आणि मुख्य जहाजाच्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, कमांडर शिडी चढून येताना शिट्टी वाजवून सलामी द्यायचा मान.

आब्दोन बार्रिया हा ग्वाफोचा सारंग होता. म्हणजे दुसऱ्या जहाजाचा.

तेंग्लोचा सारंग तिसऱ्या जहाजाचा होता, पण त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो संध्याकाळी पत्ते खेळायचा आणि गाढ झोपायचा. आब्दोनला मात्र ते दुसरेपण काट्यासारखं सलायचं. त्याला कारण होतं कारेल्मापूचा सारंग सेलिंदो राईन.

दोघं एकाच गावचे. चिलोए बेटांमधलं पुल्केन. एकाच हिवाळ्यात, एकाच बोटीतून दोघं नौदलात भरती व्हायला निघाले होते. गाठी मारण्यात आब्दोनचा कुणी हात धरू शकत नव्हतं, समुद्र कसाही असो त्याची होडी कधी धक्क्यावर आपटली नाही. सेलिंदो कामाला तितकाच बरा, पण त्याला हसता यायचं. साहेबासमोर, पाद्र्यासमोर, खानावळीतल्या बाईसमोर, त्याचे ते पांढरेशुभ्र दात बाहेर यायचे आणि समोरचा माणूस विरघळायचा. आब्दोनचा चेहरा जन्मजात आंबट. तो खूश असला तरी लोक विचारायचे, काय रे, दात दुखतोय का?

तुकडीचा पहिला कमांडर लारेनास. देहानं अवाढव्य, मनानं मऊ. तिन्ही जहाजं फिरून त्यानं कारेल्मापू निवडली, कारण तिच्या केबिनीत त्याची आरामखुर्ची मावली. ग्वाफोच्या दारातून ती आत जाईना. आब्दोननं ऐन वेळी सुतार बोलावून दार काढायची तयारी दाखवली होती, पण खुर्ची तोवर कारेल्मापूवर पोचलीही होती. आणि ती कुणी उचलून नेली, तर सेलिंदोनं. चार खलाशी घेऊन, हसत हसत.

"खुर्चीमुळे," आब्दोन घरी येऊन बायकोला म्हणाला. "एका खुर्चीमुळे, एर्सिरा!"

"मग तू छोटी खुर्ची भेट द्यायची होतीस," एर्सिरा म्हणाली आणि बटाटे किसत राहिली.

लारेनासनंतर एचेनिके आला. भाविक माणूस, आणि बोट लागायची त्याला. जहाज धक्क्यावरून सुटलं की केबिनीत शिरायचा तो परत नांगर पडेपर्यंत जपमाळ घेऊन पडून असायचा. आब्दोनला आशा होती की हा तरी जागा बदलेल. पण ज्याला उठून बसता येत नाही तो बिऱ्हाड कशाला हलवेल? निशाण कारेल्मापूवरच राहिलं.

तिसरा हावेरबेक. वाल्दिव्हियाकडचा, जर्मन घराण्यातला, ताठ. त्यानं जहाजाजहाजांत वल्ह्यांच्या शर्यती सुरू केल्या. आब्दोननं आपल्या पोरांना सगळा उन्हाळा राबवलं, हातांची सालपटं निघेपर्यंत. ग्वाफोची होडी जिंकली, आणि चांगली दोन होड्यांची लांबी ठेवून जिंकली. चांदीचा पेला मिळाला. आब्दोननं तो ठेवायला भोजनगृहात फळी ठोकून घेतली होती. पण हावेरबेकनं जाहीर केलं की पेला तुकडीचा आहे, तेव्हा तो मुख्य जहाजावर राहील.

म्हणजे जिंकला आब्दोन आणि पेला पुसायला सेलिंदो! वर तो भेटला की म्हणायचा, "आब्दोन, तुझा पेला मस्त आहे हं. कालच लिंबू लावून घासला."

यात टोमणा होता की नुसता आनंद, हे आब्दोनला कधी कळलं नाही. त्याला टोमणाच ऐकू यायचा. तो सेलिंदोला इतका पाण्यात पाहायचा की सेलिंदोला पडसं झालं तरी याला वाटायचं, साहेबांची विचारपूस मिळावी म्हणून शिंकतोय.

साठ सालच्या मे महिन्यात जमीन हलली आणि मागोमाग समुद्र आत आला. दक्षिणेकडची गावंच्या गावं धुऊन गेली. तुकडी पीठ, तंबू, औषधं भरून बेटांकडे निघाली. पुल्केनला आब्दोनची आई सुनिल्दा एकटी राहत होती. वाटभर तो डेकवरून हलला नाही. पण खाडीच्या तोंडाशी हावेरबेकनं हुकूम दिला. ग्वाफोनं आधी पलीकडच्या बंदरात पीठ उतरवायचं. पुल्केनला कारेल्मापू जाईल.

"साहेबांना सांगा, माझी आई आहे तिथे," आब्दोन आपल्या कॅप्टनला म्हणाला.

"सारंग, सगळ्यांची आई आहे कुठे ना कुठे," कॅप्टन म्हणाला. आवाज कठोर नव्हता, पण जहाज वळलं ते वळलंच.

पुल्केनला होडी घेऊन सेलिंदो उतरला. किनाऱ्यावरची घरं नव्हतीच, नुसते खांब उभे. माणसं टेकडीवरच्या देवळात होती. सुनिल्दाचा पाय सुजलेला, चालता येत नव्हतं. सेलिंदोनं तिला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर चिखलातून टेकडी उतरून होडीपर्यंत आणलं. म्हातारीनं एक कोंबडी वाचवली होती, ती काही केल्या सोडेना. तेव्हा सेलिंदोच्या पाठीवर म्हातारी आणि म्हातारीच्या काखेत कोंबडी, अशी वरात आली.

ग्वाफो पोचली तेव्हा सुनिल्दा कारेल्मापूच्या भोजनगृहात घोंगडं पांघरून माते, तो कडवट गरम चहा, पीत बसली होती. आब्दोननं तिच्या पायाशी बसून तिचे हात धरले. त्याला रडू आलं. म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आलास? सेलिंदो आधी आला."

ती तालकावानोला लेकाच्या घरी राहायला आली. कोंबडीसकट. आणि तिथून आब्दोनच्या घरात उठता बसता सेलिंदो सुरू झाला. सेलिंदोची पाठ कशी रुंद. सेलिंदो कसा एकदाही घसरला नाही. सेलिंदोनं आपला कोट कसा काढून दिला. दर रविवारी सेलिंदो तिला भेटायला यायचा, "मावशी" म्हणत तिच्या शेजारी बसायचा, आणि ती त्याच्यासाठी बटाट्याचे मिल्काओ तळायला लावायची. आब्दोनच्याच घरात, आब्दोनच्याच चुलीवर.

"त्यानं माझ्या आईला वाचवलं," आब्दोन एर्सिराला म्हणाला. "मला त्याचे पाय धरायला हवेत. कळतं मला. पण तो मिल्काओचा तिसरा तुकडा उचलतो ना, तेव्हा मला बशी ओढून घ्यावीशी वाटते."

"मी जास्त तळीन," एर्सिरा म्हणाली.

"तुकड्याचं नाही गं बोलत मी!"

"ते कळलं मला. पण माझ्या हातात तळणंच आहे."

पुढच्या वर्षी हावेरबेक बदलून गेला आणि बोर्केस आला. तरुण, घाईचा, एका वेळी तीन कामं करणारा. त्याच सुमारास कारेल्मापूच्या बॉयलरनं मान टाकली. तिला गोदीत बांधून ठेवली आणि बोर्केसनं निशाण ग्वाफोवर चढवायचा हुकूम दिला.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं बॉयलर फुटून दारात आलं. आब्दोननं डेक तीनदा धुऊन घेतला. सकाळी त्यानं नवा पोशाख घातला, दाढी करताना घाईत गालावर कापलं, त्यावर कागदाचा कपटा चिकटवला. बोर्केस शिडी चढू लागला तसा आब्दोननं शिट्टी ओठांना लावली. सूर असा निघाला की धक्क्यावरचे हमालसुद्धा थांबले. गोदीतल्या कारेल्मापूवरून सेलिंदो ऐकत असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सूर त्यानं जरा लांबवलाच.

बोर्केस त्याच्यासमोर थांबला. "मुख्य जहाजाचा सारंग?"

"होय साहेब."

"म्हणजे तूच तो! हावेरबेक साहेब जाताना खास सांगून गेले. पुल्केनला चिखलातून एका म्हातारीला पाठीवरून आणलं, तो माझ्या मुख्य जहाजाचा सारंग, हिरा आहे, म्हणाले."

सगळा डेक ऐकत होता. आब्दोननं तोंड उघडलं. साहेब, तो मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"ती माझी आई, साहेब."

शब्द न् शब्द खरा होता. बोर्केसनं हातमोजा काढून आब्दोनचा हात हातात घेतला. "स्वतःची आई! आणि हे तू कुणाला सांगितलंसही नाहीस?"

आब्दोननं मान खाली घातली. बोर्केसला तो विनय वाटला.

जहाजावरच्या बऱ्याच जणांना खरं ठाऊक होतं. पण कमांडरसमोर कोण तोंड उघडणार? आणि नवीन भरती झालेल्यांना तर हेच खरं. आठवड्याभरात गोष्ट गोदीभर पसरली. नौदलाच्या पाद्र्यानं रविवारच्या प्रवचनात नाव न घेता मातृभक्त सारंगाचा दाखला दिला. बोर्केसनं पदकासाठी वर शिफारस पाठवली. आब्दोन ताठ मानेनं चालायचा, पण कारेल्मापू बांधली होती त्या टोकाला जायचं टाळायचा. घरी त्यानं चकार शब्द काढला नाही.

सेलिंदो रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

"त्याला बरं नाही की काय?" सुनिल्दा विचारायची.

"कामं असतील," आब्दोन म्हणायचा आणि जोडे पुसायला घ्यायचा.

शेवटी बातमी घरात आणली ती शेजारच्या उबेर्लिंदानं. ती गोदीतल्या साहेबांचे कपडे धुवायची. कुंपणापाशी उभी राहून ती म्हणाली, "सुनिल्दाबाई, भाग्यवान हो तुम्ही! लेकानं पाठीवर घालून आणलं म्हणे समुद्राच्या तोंडातून! आमचा पोरगा साधी पाण्याची बादली उचलत नाही."

सुनिल्दानं दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं. "असं का," ती म्हणाली. "कोण सांगत होतं?"

आब्दोन संध्याकाळी कामावरून आला तेव्हा म्हातारी टेकडीच्या पायथ्याशी, पायऱ्यांच्या सुरुवातीलाच बसलेली. घर वर, तालकावानोच्या टेकड्यांवर असतात तशा उभ्या पायऱ्यांच्या शेवटाला.

"इथे काय करतेस आई? पाय दुखेल."

"दुखतोय. म्हणून बसले. चल, घे पाठीवर."

"काय?"

"घे ना! एकदा घेतलंस म्हणे. सगळं गाव सांगतंय. मला काही आठवत नाही, म्हातारी झाले. बघू दे तरी कसं वाटलं होतं."

आजूबाजूला लोक होते, पावाच्या दुकानासमोर बायका उभ्या होत्या. आब्दोन खाली बसला. म्हातारीनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि तो उठला. ती वाटली होती त्याहून जड होती. अर्ध्यावर त्याचा दम उखडला, मानेच्या शिरा फुगल्या. पण तो थांबला नाही. ती पाठीवर अगदी स्वस्थ बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना नमस्कार करत असल्यासारखी मान हलवत.

दारापाशी त्यानं तिला उतरवलं.

"चढ होता म्हणून," तो धापा टाकत म्हणाला.

"त्याला उतार होता, पण चिखल होता," सुनिल्दा म्हणाली. मग तिनं शालीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "आब्दोन, मी दुसऱ्याच्या पाठीवर बसून आले ते तुला इतकं लागलं होतं का रे?"

तो परसात जाऊन पाण्याच्या पिंपाशी उभा राहिला. एर्सिरा मागून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोर्केसच्या केबिनीपुढे उभा राहिला.

"साहेब, पुल्केनला म्हातारीला आणलं ते मी नाही. कारेल्मापूच्या राईननं. मी तेव्हा पीठ उतरवत होतो."

बोर्केसनं हातातलं पेन खाली ठेवलं. "तू म्हणालास तुझी आई."

"आई माझीच आहे, साहेब. पाठ त्याची."

कमांडरचा चेहरा लाल झाला. शिफारस वर गेलेली, प्रवचन झालेलं. त्याला खोटं बोलणाऱ्यावरच्या रागापेक्षा स्वतः मूर्ख ठरल्याचा राग जास्त आला होता. तो बराच वेळ ओरडला. शेवटी म्हणाला, "राईनला इथे बोलावतो. तू कारेल्मापूवर जा. गोदीत बांधलेल्या जहाजाला तुझ्यासारखाच सारंग शोभतो."

दोघं धक्क्यावरच समोरासमोर आले, दोघांच्याही खांद्यावर सामानाच्या पिशव्या. सेलिंदो आज हसत नव्हता. त्याचे दात झाकलेले पाहायची आब्दोनला सवय नव्हती.

"तुला हवं होतं तर मागायचं होतंस," सेलिंदो म्हणाला. "मी दिलंही असतं. पण चोरलंस तू ते."

"हो."

"हो काय, हो? निदान भांड तरी!"

"काय भांडू? जा तू, तुझी शिट्टी वाट पाहतेय. पदकही मिळेल आता."

"पदक घाल चुलीत!" सेलिंदोनं पिशवी दगडावर आदळली. "तुला माहीत आहे, त्या टेकडीवरून खाली येईपर्यंत तुझी आई काय म्हणत होती? मी इकडे चिखलात रुततोय, कोंबडी माझा कान टोचतेय, आणि म्हातारी वरून सांगतेय, माझा आब्दोन असता तर दोन ढांगांत उतरला असता, माझा आब्दोन असा हिसके देत नाही! एकदा तर वाटलं, ठेवावी इथेच आणि म्हणावं, बस, येईल तुझा आब्दोन."

आब्दोन त्याच्याकडे बघत राहिला. त्याला हसू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं.

"खरं सांगतोस?"

"मी तुझ्यासारखा आहे का?" सेलिंदोनं पिशवी उचलली आणि ग्वाफोची शिडी चढून गेला.

घरी येऊन आब्दोननं आईला विचारलं. तिनं साफ कानांवर हात ठेवले. "मी? छे! मी कोंबडीशी बोलत होते."

सेलिंदोला पदक मिळालं. त्यानं ते घालून पुढच्या रविवारी येऊन मावशीला दाखवलं. आब्दोननं त्याला स्वतः माते ओतून दिला. पण नजर पदकावरून हटली नाही. सेलिंदो जरा जास्तच छाती काढून बसला होता, हे एर्सिरालाही दिसलं, आणि तिनं त्या दिवशी मिल्काओ मोजकेच तळले.

कारेल्मापू पुन्हा समुद्रावर गेली नाही. आब्दोननं तिची साखळी, दोर, होड्या एकेक करून उतरवल्या, आणि एका धुक्याच्या सकाळी तिला ओढून भंगारात नेलं तेव्हा खाली उतरणारा शेवटचा माणूस तोच होता. बोर्केसनंतर तुकडीला कमांडर नेमलाच नाही. तेंग्लो आणि ग्वाफोही एकामागून एक गेल्या. आब्दोननं गोदीच्या दोरखान्यात नोकरीची उरलेली वर्षं काढली. सुनिल्दा म्हातारपणानं गेली. सेलिंदो निवृत्त होऊन पुल्केनला परतला, तिथे त्यानं किनाऱ्यापासून दूर घर बांधलं आणि काही वर्षांनी झोपेतच वारला. बातमी कळली त्या रात्री आब्दोन जेवण टाळून एवढंच म्हणाला, "झोपेत. त्याचं सगळंच असं सोपं."

पुढे नौदलाला जुन्या तुकड्यांचा इतिहास जमवायची इच्छा झाली. तिन्ही जहाजांच्या सारंगांपैकी आता आब्दोनच उरला होता. एक तरुण लेफ्टनंट त्याला गोदीतल्या कचेरीत घेऊन गेला, कॉफी दिली आणि विचारू लागला. आब्दोननं चारही कमांडर सांगितले. लारेनासची खुर्ची, एचेनिकेची जपमाळ, हावेरबेकच्या शर्यती. बोर्केसपाशी आल्यावर तो थांबला. त्याला गाळता आलं असतं. हा पोरगा कुणाला विचारणार होता? पण त्यानं पुल्केनही सांगितलं आणि डेकवरचं ते वाक्यही.

लेफ्टनंट पुढे सरसावून बसला. "हा राईन कसा होता हो दिसायला? बोलायचा कसा? अजून सांगा ना त्याच्याबद्दल."

आब्दोनला मग तेही सांगावं लागलं. दातांसकट.

घरी आला तेव्हा एर्सिरानं रस्सा गरम करायला ठेवला होता. "काय काय सांगितलंस?"

"सगळं."

"सेलिंदोचंही?"

"तेही."

"मग चांगलं झालं की! चेहरा का असा?"

"तो पोरगा अर्धा वेळ त्याचंच विचारत होता," आब्दोन म्हणाला. "मेला तरी साहेब लोकांना तोच आवडतो."

एर्सिरा इतकी हसली की तिला डाव खाली ठेवावा लागला. आब्दोन खुर्ची ओढून बसला, त्यानं पाव मोडला आणि रश्श्यात बुडवून खायला सुरुवात केली.